हौदातला मत्स्यन्याय

साताऱ्याच्या आमच्या घरामागे एक सिमेंटचा हौद आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाणी साधारण कमरेपर्यंत, आणि एका कडेला आत उतरायला दोन पायऱ्या. पूर्वी परसातल्या झाडांना पाणी घालायला तो वापरात होता. मग कधीतरी आरोग्य खात्याचे कर्मचारी आले आणि डासांच्या अळ्या खायला त्यात गप्पी मासे सोडून गेले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी आलो, तेव्हा बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना हातांना काहीतरी काम हवं होतं. आधी हौदात सहा गोल्डफिश आले. मग लॉकडाऊन उठल्यावर चार कोई आले. वर्षभरात कोई हातभर झाले, गोल्डफिश तळहाताएवढे, आणि गप्पी होते तेवढेच राहिले, करंगळीच्या नखापेक्षा थोडे मोठे.

रोज सकाळी बाबा खाद्य टाकत. कोई तोंड उघडून यायचे आणि अर्ध्या मिनिटात पाणी साफ. गोल्डफिशना उरलंसुरलं मिळे. गप्पींना काहीच नाही. उलट, दर आठवड्याला गप्पी कमी होताना दिसायचे. खाद्य जास्त टाकून पाहिलं, तर कोई जास्त खाऊ लागले आणि पाणी गढूळ झालं.

हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात हमखास विचारला जायचा. ज्या कामांची प्रायोरिटी जास्त, त्यांना प्रोसेसर आधी मिळतो. अशी कामं येतच राहिली, तर कमी प्रायोरिटीचं काम रांगेत कायमचं ताटकळत राहतं. या अवस्थेला पुस्तकात ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, म्हणजे चक्क उपासमार. आपल्याकडे तर त्याहून जुना आणि नेमका शब्द आहे : मत्स्यन्याय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो येतो. दंड धरणारा कुणी नसेल, तर बलवान दुर्बळाला गिळतो, पाण्यात मोठा मासा छोट्याला गिळतो तसा.

मला तेव्हा राज्यशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की एकाच पाण्यातल्या लहानमोठ्या माशांना खाऊ घालायचं कसं. कोडमध्ये अडकलो की मी जे करतो तेच केलं : आधी कुणाला हा बग आला होता का ते शोधत गेलो. शोधता शोधता दोन हजार वर्षं मागे, इटलीच्या किनाऱ्यावर पोचलो.

श्रीमंतांची तळी

मार्कस टेरेन्शियस व्हॅरो हा रोमन पंडित. इ.स.पूर्व ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्याने शेतीवर तीन भागांचं पुस्तक लिहिलं. पहिल्या भागात शेत, दुसऱ्यात गुरंढोरं, आणि तिसऱ्यात घराभोवती पाळायचे जीव : कोंबड्या, मोर, मधमाश्या. अगदी शेवटी येतात मासे.

व्हॅरो म्हणतो, तळी दोन प्रकारची. एक गोड्या पाण्याची. ती साध्या माणसांकडे असतात आणि त्यातून चार पैसे सुटतात. दुसरी खाऱ्या पाण्याची. ती बड्या लोकांची. त्यांनी डोळे भरतात, खिसा मात्र रिकामा होतो. ती बांधायला खर्च, भरायला खर्च, आणि माशांना पोसायला तर फारच खर्च. हिर्रियस नावाच्या एका गृहस्थाला आपल्या तळ्यांभोवतीच्या इमारतींतून बारा हजार सेस्टर्स मिळत. ते सगळे माशांच्या खाद्यावर जात.

नेपल्सच्या आखाताभोवती त्या काळी रोमच्या पुढाऱ्यांचे बंगले होते, आणि बंगल्याला लागून समुद्रात बांधून काढलेली तळी. ल्युकुलस या सेनापतीने तळ्यात भरतीचं पाणी खेळावं म्हणून डोंगर फोडून कालवा काढला होता. त्यावरून पॉम्पे त्याला ‘झगा घातलेला झर्क्सिस’ म्हणून चिडवायचा. कारण इराणच्या त्या बादशहानेही आपल्या आरमारासाठी जमीन खोदून कालवा काढला होता. इ.स.पूर्व ६० मधल्या पत्रांत सिसेरो वैतागून लिहितो की प्रजासत्ताक बुडायला आलंय आणि आपल्या पुढाऱ्यांना दाढीवाला मुल्लस हातातून खातो याचंच स्वर्गसुख. मुल्लस म्हणजे हनुवटीखाली दोन मिशा असलेला लालसर समुद्री मासा. सिसेरोने या लोकांना नावच पाडलं होतं : पिसिनारी. आपण मराठीत ‘तळेवाले’ म्हणू.

पण माझा प्रश्न या तळेवाल्यांना पडला होता आणि त्यांनी तो सोडवलाही होता. व्हॅरो सांगतो की चित्रकारांकडे जशी कप्प्याकप्प्यांची पेटी असते, एकेका कप्प्यात एकेका रंगाचं मेण, तशी या लोकांची तळी कप्प्याकप्प्यांची असत. एकमेकांशी न जमणारे मासे वेगवेगळ्या कप्प्यांत.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा, कोल्युमेला हा शेतीतज्ज्ञ याच विषयाचं तपशीलवार मॅन्युअल लिहितो. मुरेना हा सापासारखा लांब, दातेरी मासा. आपल्या वामेचा समुद्रातला भाऊबंद म्हणा. कोल्युमेला बजावतो की मुरेनांना दुसऱ्या माशांत मिसळू नका, पिसाळल्या तर बाकीच्यांचा फडशा पाडतील. तळ्याच्या भिंतीत कोनाडे ठेवा, म्हणजे मासे उन्हातून आत जातील. पाणी आत-बाहेर जाण्याच्या वाटांवर बारीक भोकांची पितळी जाळी बसवा, पाणी खेळेल आणि मासे आतच राहतील.

खाद्याचंही त्याने पक्कं शास्त्र मांडलं आहे. तळाशी चपटे पडून राहणारे मासे चावू शकत नाहीत, म्हणून त्यांना मऊ द्या. आंबलेल्या खारवलेल्या माशांचा लगदा, कुजकी सार्डिन, मासळीवाल्याच्या दुकानातला केरकचरा. एका जागी पडून राहणारा मासा अन्न डोळ्यांपेक्षा वासाने शोधतो, म्हणून उग्र वासाचं बरं. चिरलेली हिरवी अंजिरं, फोडलेली अक्रोडं, दूध स्वस्त असेल तिथे ताजं चीजसुद्धा चालेल. आणि मासे नीट पोसाच. कारण बाजारात रोड मासा दिसला की गिऱ्हाईक ओळखतं, हा समुद्रातला नाही, कोंडवाड्यातला आहे. मग भाव पडतो.

इथपर्यंत वाचून मी खूश झालो. प्रश्न जुना, उत्तरही जुनं : भिंत घाला. ज्याचं तोंड जसं, त्याला तसं खाद्य द्या. इटलीच्या किनाऱ्यावर या तळ्यांचे अवशेष अजून आहेत. त्यांच्या भिंती आणि झडपा आज पाण्याच्या किती खाली आहेत हे मोजून शास्त्रज्ञ रोमन काळातली समुद्राची पातळी काढतात. इतकं पक्कं बांधकाम. मी बाबांना म्हणालो, “हौदात मधोमध एक भिंत घालू या.”

पण व्हॅरोचं ते प्रकरण अजून संपलं नव्हतं.

वादळात मासळीबाजार

व्हॅरोचा एक मित्र होता, क्विंटस हॉर्टेन्शियस. रोममधला नावाजलेला वकील, सिसेरोचा प्रतिस्पर्धी, इ.स.पूर्व ६९ चा कॉन्सल. बाउली इथे त्याचा बंगला होता आणि तळी होती. व्हॅरो तिथे अनेकदा राहायला जायचा. तो सांगतो की जेवायला मासे हवे असले की हॉर्टेन्शियस माणूस पाठवायचा पुतेओलीच्या बाजारात. स्वतःच्या तळ्यातला मासा तो मारत नसे. उलट तोच त्यांना भरवायचा. त्याच्याकडे गाडीचं खेचर मागितलंत तर एक वेळ मिळेल, पण तळ्यातला मुल्लस मिळणार नाही, असं व्हॅरो म्हणतो.

आता खाद्याकडे या. हॉर्टेन्शियसने पुष्कळ कोळी कामाला ठेवले होते. त्यांचं काम एकच, बारीक बारीक मासे पकडून आणायचे, म्हणजे तळ्यातल्या मोठ्या माशांना ते खाता येतील. समुद्र खवळला आणि जाळं टाकता येईना, तर बाजारातून खारवलेले मासे विकत आणून तळ्यात टाकायचे. आणि हे बारीक मासे कोणते, तेही व्हॅरो जाता जाता सांगतो : गोरगरिबांच्या रात्रीच्या जेवणातले.

ती ओळ मी पुन्हा वाचली. वादळाच्या दिवशी बाजारात मासळी कमी. जी आहे ती स्वस्तातली, खारवलेली, कष्टकऱ्यांच्या घरात भाकरीशी खायची. आणि त्या दिवशी बाजारात एक गिऱ्हाईक जास्तीचं येतं, बड्या वकिलाचा नोकर, वकिलाच्या माशांसाठी खरेदी करायला.

म्हणजे मत्स्यन्याय थांबवणारी भिंत तळ्याच्या आत होती. मुरेना मुल्लसला खाणार नाही, याची चोख व्यवस्था होती. पण तळ्याच्या बाहेर, बंगला आणि वस्ती यांच्यामध्ये, तशी कुठलीच जाळी नव्हती. तिथे मोठा मासा आरामात छोट्याचं ताट ओढून घेत होता.

व्हॅरो आणखी एक गोष्ट नोंदवतो. हॉर्टेन्शियसला आजारी माशांची काळजी आजारी गुलामांपेक्षा कमी नव्हती. आजारी गुलाम थंड पाणी पितोय का, यापेक्षा आपल्या माशांना ताजं पाणी मिळतंय ना, याची त्याला जास्त चिंता. व्हॅरो हे गंमत म्हणून लिहितो. तो स्वतःही गुलामांचा मालक होता.

पेला फुटला तेव्हा

या गोष्टीचं टोक म्हणजे व्हेदियस पोलिओ. मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा, सम्राट ऑगस्टसच्या ओळखीतला, अफाट श्रीमंत. त्याच्या तळ्यात मुरेना होत्या आणि शिक्षा म्हणून तो गुलामांना त्यांच्यापुढे टाकायचा, असं प्लिनी लिहितो.

एकदा ऑगस्टस त्याच्याकडे जेवायला गेला होता. एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलिओने हुकूम सोडला : याला मुरेनांच्या तळ्यात टाका. तो पोरगा सुटला आणि त्याने ऑगस्टसचे पाय धरले. सेनेका सांगतो की त्याने जीव वाचवा असंही म्हटलं नाही. त्याने एवढंच मागितलं की मरण दुसरं कुठलंही द्या, माशांचं खाद्य करू नका.

ऑगस्टसने त्याला सोडून द्यायला लावलं. मग घरातले सगळे स्फटिकाचे पेले आपल्या डोळ्यांसमोर फोडायला लावले. आणि तळं बुजवायचा हुकूम दिला.

कौटिल्य म्हणतो तो दंड इथे दिसतो. मोठ्याच्या वर आणखी मोठा कुणी असेल आणि त्याला वाटलं, तर छोटा वाचतो. पण त्याच संध्याकाळी ऑगस्टस ज्या घरी परतला, तिथेही दिवे लावायला गुलामच होते. एक तळं बुजलं, बाकीचं रोम होतं तसंच राहिलं.

रोमन लेखकांनी मुरेनांबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं आहे. क्रॅसस या वक्त्याची लाडकी मुरेना मेली तेव्हा तो मुलगी गेल्यासारखा रडला, हे आपल्याला माहीत आहे. सम्राटांच्या घराण्यातल्या अँटोनियाने आपल्या मुरेनेला कानातले घातले होते, हेही माहीत आहे. त्या पेला फोडणाऱ्या पोराचं नाव मात्र कुणीही लिहिलेलं नाही.

भिंत नसलेलं तळं

रोमने उत्तर भिंतीत शोधलं. चीनमध्ये दुसरं उत्तर निघालं.

फान ली हा इ.स.पूर्व पाचव्या शतकातला मंत्री, नंतर व्यापारी झालेला. मासे पाळण्यावरचा एक छोटा ग्रंथ परंपरेने त्याच्या नावावर आहे. तो आज सहाव्या शतकातल्या एका शेतीग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोचला आहे. फान ली सांगतो की तळ्यात नऊ बेटं करा, म्हणजे मासे त्यांना वळसे घालत फिरतील आणि त्यांना वाटेल आपण नद्या-सरोवरांतच आहोत. मासा कोणता पाळायचा? कार्प. कारण तो भराभर वाढतो, त्याला किंमत येते, आणि कार्प एकमेकांना खात नाहीत. भिंत बांधायचा खर्च त्याने मासा निवडतानाच वाचवला.

पुढे चिनी शेतकरी आणखी एक पाऊल गेले. तांग राजघराण्याचं आडनाव ली, आणि कार्पचा उच्चारही ली, त्यामुळे राजवटीने कार्प पकडण्या-विकण्यावर बंदी घातली आणि लोक दुसऱ्या माशांकडे वळले, असं सांगितलं जातं. कारण काहीही असो, एकाच तळ्यात चार प्रकारचे मासे ठेवायची रीत चीनमध्ये रुळली. एक गवत खातो. त्याच्या विष्ठेवर पाण्यात शेवाळाचे सूक्ष्म कण वाढतात, ते दुसरा गाळून खातो. त्या कणांवर जगणारे सूक्ष्म जीव तिसरा खातो. तळातल्या गोगलगायी चौथा. चौघांचं पाणी एक, पण ताटं चार. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही, कारण दुसऱ्याच्या ताटातलं त्याच्या तोंडाला जमतच नाही.

हे आपल्याला परकं नाही. महाराष्ट्रात शेततळ्यात किंवा गावतळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्या कुणालाही विचारा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. १९५९ मध्ये गवत्या आणि चंदेरा हे चिनी भाऊबंद भारतात आले आणि आपल्या तिघांच्या पंगतीला बसले. याला आपण मिश्र मत्स्यशेती म्हणतो. त्यातही आकाराचा प्रश्न आहेच. म्हणून जाणता शेतकरी सोडताना एकसारख्या मापाची बोटुकली सोडतो आणि शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी देतो.

ही सगळी माहिती घेऊन मी पुन्हा हौदाशी आलो. भिंतीचा बेत रद्द केला.

वास

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी महिन्यातून दोनदा हौद घासायच्या. त्या मूळच्या दापोलीकडच्या, लग्न होऊन घाटावर आलेल्या. एका सकाळी बाबांनी ऑनलाइन मागवलेलं कोईचं भारीतलं खाद्य आलं. मी पाकीट फोडलं आणि मावशी घासता घासता थांबल्या.

“दादा, ह्याला तारलीचा वास येतोय.”

मी पाकीट उलटवून पाहिलं. घटकांच्या यादीत पहिलंच नाव होतं फिशमील. म्हणजे वाळवून दळलेली मासळी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारलीचा मोठा वाटा फिशमील आणि तेलाच्या कारखान्यांत जातो. त्याची भुकटी कोंबड्यांच्या, कोळंबीच्या, माशांच्या खाद्यात मिसळते. या पाकिटातली मासळी कुठल्या समुद्रातली होती ते लिहिलेलं नव्हतं. पण मावशींच्या नाकाने गोष्ट ओळखली होती.

“आम्ही लहान असताना दुसरं काही नसलं की तारली,” त्या म्हणाल्या. “आई वाटा घ्यायची नि सगळ्यांना पुरायची. आता इथं मिळते कुठं! नि मिळाली तरी बर्फातली.” मग पाकिटावरची किंमत बघून हसल्या. “माझ्या हौदाच्या पैशापेक्षा जास्तीचं खातात की हे.”

त्या चिडल्या नव्हत्या. पण मला एकदम बाउलीचा बाजार दिसला, वादळाच्या दिवसाचा. बड्या वकिलाचा नोकर खारवलेले मासे घेतोय आणि शेजारी एक बाई रिकामी टोपली धरून उभी आहे. गेला महिनाभर मी हॉर्टेन्शियसला हसत होतो. आणि ते पाकीट माझ्या कार्डवरून मागवलेलं होतं.

इतिहास वाचताना आपण नेहमी त्या गुलामाच्या बाजूने उभे असतो. तिथे उभं राहायला काही लागत नाही. आपल्या खात्यातून गेलेले पैसे बघितले की आपण पायरीच्या कुठल्या बाजूला आहोत ते कळतं.

मी फार मोठं काही केलं नाही. रात्री बाबांशी बोललो. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, “हौद घासायचं काम मी तिला फुकटातच दिल्यासारखं आहे. माझ्या लक्षातच आलं नाही.” पुढच्या महिन्यापासून त्या कामाचे पैसे वाढले. ते पाकीट संपल्यावर पुन्हा मागवलं नाही. कार्प कुळातल्या माशांना पोट नावाचा वेगळा अवयव नसतो, म्हणून एकदम भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं, दोन-तीनदा दिलेलं त्यांना बरं. कोई आता शेंगदाणा पेंड, कोंडा, शिजवलेले वाटाणे आणि परसातला पालक खातात. थोडे बारीक झाले आहेत. कोल्युमेलाच्या बाजारात त्यांना भाव आला नसता.

आणि गप्पींसाठी फळवाल्याकडून एक प्लास्टिकचं क्रेट आणलं. ते पायऱ्यांजवळच्या उथळ पाण्यात पालथं ठेवलं, वर एक दगड. क्रेटच्या भोकांतून गप्पी आत जातात, कोईचं डोकंही आत जात नाही. आधी पलीकडच्या टोकाला मोठ्यांसाठी पेंड टाकायची. ते तिकडे धावले की इकडे क्रेटमध्ये चिमूटभर बारीक भुकटी. पाच मिनिटांत जेवढं संपेल तेवढंच.

रोमनांची जाळी माशांना आत कोंडून ठेवण्यासाठी होती. ही जाळी फक्त छोट्यांना वाट देते. मावशी पहिल्यांदा बघायला वाकल्या, तेव्हा आत तीसेक गप्पी गोळा झाले होते आणि बाहेर एक कोई क्रेटला नाक लावून उभा होता.

“बघा दादा,” त्या म्हणाल्या, “ह्याला अजून कळलंच नाही काय झालं ते.”